इटालियन ऑपेरा घरी, टीव्हीवर पहिल्यांदा बघायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इटालियन येत नाही, ऑपेराला प्रत्यक्ष जायची सोय नाही, घरचा टीव्ही आणि डीव्हीडी किंवा नेटवरची चित्रीकरणं एवढंच हाताशी आहे. दोनदा लावून बघितलं आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात बंद केलं. मग सुरुवात कुठून करावी?

मी सांगते: इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या 'तोस्का' या ऑपेराचा दुसरा अंक लावा. पहिला नको, अख्खा ऑपेराही नको, फक्त दुसरा. आणि तोही १९६४ सालचा, लंडनच्या कोव्हेंट गार्डन या ऑपेरागृहाचा, तोस्का झालेली गायिका मारिया कॅलस आणि खलनायक स्कार्पिया झालेला गायक तितो गोब्बी यांचा. कृष्णधवल आहे, आवाज मोनो आहे, साधारण पाऊण तासात संपतो. मी बरीच वर्षं घरी ऑपेरा बघतेय. ज्यांना ज्यांना हा अंक दाखवला, त्यांतलं कुणी मध्येच उठून गेलेलं नाही.

आधी गोष्ट वाचून घ्या, शेवटासकट. आपल्याकडे 'शाकुंतल' बघायला जाणाऱ्याला अंगठी सापडणार हे घरून निघतानाच ठाऊक असतं. तरी तो जातो, कारण ते कसं रंगतं हे त्याला बघायचं असतं. ऑपेराचंही तसंच आहे. गोष्ट माहीत नसली की डोळे सगळा वेळ पडद्याच्या तळाशी सबटायटलवर खिळून राहतात आणि वर जे चाललंय ते निसटतं. माझे सुरुवातीचे कितीतरी ऑपेरा असे नुसते वाचण्यात गेले. तुमचंही बहुधा तेच झालं असावं.

तर गोष्ट अशी. जून १८००, रोम शहर. राजसत्तेच्या पोलिसांची दहशत आहे आणि उत्तरेकडे नेपोलियनची लढाई चालू आहे. फ्लोरिया तोस्का ही नावाजलेली गायिका. तिचा प्रियकर मारिओ काव्हारादोस्सी चित्रकार आहे. तुरुंगातून पळालेल्या एका राजकीय कैद्याला तो आपल्या बागेतल्या विहिरीत लपायला जागा देतो. पोलीसप्रमुख बॅरन स्कार्पियाला तो कैदी हवा आहे आणि तोस्काही. दुसऱ्या अंकात स्कार्पिया फार्नेसे राजवाड्यातल्या आपल्या दालनात जेवायला बसलाय. शेजारच्या खोलीत मारिओचा छळ चाललाय, आणि त्याचं कण्हणं तोस्काला नीट ऐकू जावं म्हणून हा दार उघडायला लावतो. तिला ते सहन होत नाही, ती विहिरीचं सांगून टाकते. मग तो सौदा मांडतो: तू माझी हो, मी त्याला सोडतो. ती होकार देते. मारिओला गोळ्या घालण्याचं नुसतं नाटक करायचं, असा हुकूम तो हाताखालच्या माणसाला देतो, दोघांना शहराबाहेर जाण्याचा परवाना लिहितो, आणि ती जेवणाच्या टेबलावरची सुरी त्याच्या छातीत खुपसते. तिसऱ्या अंकात कळतं की नाटकाचा हुकूमच खोटा होता. मारिओ खरोखर मरतो आणि ती किल्ल्याच्या तटावरून उडी टाकते.

मूळ नाटक व्हिक्तोरियं सार्दूचं, १८८७ सालचं, सारा बर्नहार्ट या नटीसाठी लिहिलेलं. त्यावरून इल्लिका आणि जाकोझा या जोडीनं पुच्चिनीला संहिता करून दिली आणि १४ जानेवारी १९०० रोजी रोमच्या कोस्तान्झी नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला.

अंक लावण्याआधी एक छोटं काम करा. ऑपेराच्या अगदी सुरुवातीची काही सेकंद ऐका. अख्खा वाद्यवृंद तीन सूरसमूह पूर्ण ताकदीनं आदळतो. हा स्कार्पिया. पहिल्या समूहाचा मूळ स्वर सा धरलात तर दुसरा त्याखालच्या कोमल निषादावर येतो आणि तिसरा आणखी खाली, तीव्र मध्यमावर. पंचमाचा आधार मिळेल म्हणून कान थांबलेला असतो आणि तो मिळत नाही. आपल्याकडच्या कानाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, ते लगेच टोचतं. हे तीन सूर लक्षात ठेवा. अंकाच्या शेवटी, तो मरून पडल्यावर, ते परत येतात, पण इतके हलके की जणू खोलीत अजून कुणीतरी आहे.

आता १९६४ च्या प्रयोगाबद्दल. दिग्दर्शन फ्रांको झेफिरेल्लीचं, वाद्यवृंद कार्लो फेलिचे चिल्लारियोच्या हाताखाली, मारिओच्या भूमिकेत रेनातो चोनी. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी टेलिव्हिजनसाठी फक्त हा एक अंक दाखवला गेला आणि तेवढाच जपला गेला. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण कॅलसचा एकही संपूर्ण ऑपेरा चित्रित स्वरूपात शिल्लक नाही. १९५८ च्या पॅरिसच्या कार्यक्रमातही पूर्ण वेशभूषेत, नेपथ्यासह सापडतो तो हाच दुसरा अंक, आणि समोर गोब्बीच.

कॅलस तेव्हा ४० वर्षांची होती आणि आवाज थकायला लागला होता. तार सप्तकात स्वर हलतो, ते तुमच्याही लक्षात येईल. पुढच्याच वर्षी, ५ जुलै १९६५ ला, याच रंगमंचावर तोस्का म्हणूनच ती शेवटची उभी राहिली. तिचा भर बहरातला आवाज ऐकायचा असेल तर १९५३ चं मिलानच्या स्काला या ऑपेरागृहाचं ध्वनिमुद्रण आहे, व्हिक्तोर दे साबाताच्या हाताखालचं, तेही जरूर ऐका. पण पहिल्यांदा बघणाऱ्याला मी १९६४ चंच सांगेन. कारण ऑपेराचे गायक एरवी लांबच्या, वरच्या सज्ज्यातल्या प्रेक्षकासाठी हातवारे करत असतात, कॅमेरा जवळ गेला की ते सगळं भडक दिसतं, आणि नवीन माणूस तिथंच दुरावतो. हे दोघं मात्र कॅमेरा चेहऱ्याला भिडला तरी खरे वाटतात. गोब्बीचा स्कार्पिया आरडाओरडा करत नाही. तो खानदानी रीतीनं बोलतो, वाइन पुढे करतो, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

या अंकातलं प्रसिद्ध गाणं म्हणजे 'व्हिस्सी दार्ते'. कलेसाठी जगले, प्रेमासाठी जगले, कुणा जिवाला कधी दुखावलं नाही, मग देवा, हे फळ का? तीनेक मिनिटांचं आहे. सगळे या गाण्याची वाट बघतात, तुम्हीही ऐका. पण माझा जीव अडकलाय तो त्याच्या नंतरच्या भागात, जिथं गाणं थांबतं.

स्कार्पिया पाठमोरा बसून परवाना लिहितोय. तोस्का टेबलापाशी येते, वाइनच्या ग्लासकडे हात जातो आणि नजर सुरीवर पडते. ती एक अक्षर गात नाही. खाली तंतुवाद्यं एक मंद, जड चाल वाजवत राहतात. कॅलसचे डोळे बघा. तोपर्यंत ती एक छळलेली बाई असते. त्या क्षणी तिला स्वतःच्या मनात काय आलंय ते कळतं आणि ती स्वतःच दचकते. नाट्यगृहात तिसाव्या रांगेत बसून हे दिसलं नसतं. घरच्या पडद्याचा खरा फायदा हा, आणि तो लहान नाही.

मग वार होतो. तो तडफडत पडतो. 'ह्याच्यापुढे सारं रोम थरथरत होतं' हे वाक्य ती एकाच स्वरावर, जवळजवळ बोलल्यासारखं म्हणते. त्यानंतर अंक संपेपर्यंत पुन्हा फक्त वाद्यं. ती दाराकडे निघते, थांबते, मागे येते. दोन मेणबत्त्या उचलून प्रेताच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते आणि हळूहळू बाहेर पडते. ही कृती मूळ नाटकातली. पुच्चिनीनं ती शब्दांशिवाय तशीच ठेवली.

माझ्या आईनं हे माझ्यासोबत बघितलं होतं. तिला नाट्यपदांचं वेड, ऑपेराचा गंध नाही. सबटायटल ती वाचत नव्हती, मीच अधूनमधून सांगत होते. मेणबत्त्यांपाशी मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर तिनं हातानंच मला थांबवलं. तोस्का बाहेर गेल्यावर आई म्हणाली, "मेलेल्याच्या उशाशी दिवा ठेवला गं तिनं. मारलं तरी ठेवला." मी तोवर तो प्रसंग दहा-बारा वेळा तरी बघितला असेल, लेखही वाचले होते. तोस्का पहिल्या अंकात येशूची आई मेरी हिच्या मूर्तीपुढे फुलं ठेवणारी, अतिशय भाविक बाई आहे, हे माहीत होतं. तरी त्या मेणबत्त्यांचा अर्थ मला आईच्या त्या एका वाक्यानं कळला. भाषा येत नाही याची फार काळजी करू नका, असं मी म्हणते ते यावरून.

एक गोष्ट मात्र घरी मिळत नाही, ती आधीच सांगून ठेवते म्हणजे निराशा होणार नाही. ऑपेराचे गायक माइकशिवाय गातात. साठ-सत्तर वाद्यांवर एकट्या माणसाचा आवाज मात करतो तो नुसत्या जोरानं नाही. शिकलेल्या गळ्यात, विशेषतः पुरुषांच्या, ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाची ऊर्जा एकवटते, आणि नेमक्या त्या भागात वाद्यवृंद त्यामानानं दुबळा असतो. म्हणून आवाज वाद्यांच्या वरून तरंगत येतो. नाट्यगृहात हे अंगाला जाणवतं. चित्रीकरणात माइक सगळं एका पातळीवर आणून ठेवतो, कोणता आवाज मोठा आणि कोणता लहान हे कळेनासं होतं. त्यात टीव्हीचे स्पीकर पातळ. निदान हेडफोन लावा, नाहीतर जुना का होईना एखादा बरा ॲम्प्लिफायर जोडा. मोठ्या पडद्यावर बघायची इच्छा झाली तर मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचे प्रयोग दाखवले गेले आहेत, तिकडे लक्ष ठेवा.

आणखी एक. काही चित्रीकरणं रंगमंचावरच्या प्रयोगाची असतात आणि काही सिनेमासारखी, आधी ध्वनिमुद्रण करून मग ओठ हलवलेले. प्लेबॅक आपल्याला नवा नाही, पण ऑपेरात मला तो खुपतो. वरचा स्वर लावताना गळ्याची शीर फुगत नाही, छाती भरत नाही, आणि काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. 'तोस्का'चाच १९७६ चा एक सिनेमा आहे, रायना काबाइव्हान्स्का आणि प्लासिदो दोमिंगो यांचा, रोममधल्या खऱ्या जागांवर चित्रित केलेला. दिसायला देखणा आहे. तरी सुरुवात त्यानं करू नका.

दुसरा अंक मनात बसला की मग अख्खा 'तोस्का' बघा, आणि त्यासाठी १९९२ चं रोमचं चित्रीकरण घ्या. तिन्ही अंक संहितेत सांगितलेल्या खऱ्या जागी आणि त्या त्या वेळी घडवले आणि जगभर थेट दाखवले. ११ जुलैच्या दुपारी सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले हे चर्च, रात्री फार्नेसे राजवाडा, आणि १२ जुलैच्या पहाटे सांत आंजेलोचा किल्ला. कॅथरीन माल्फितानो तोस्का, दोमिंगो मारिओ, रुज्जेरो राइमोंदी स्कार्पिया. वाद्यवृंद मात्र तिथं नव्हता. तो शहरात दुसरीकडे एका सभागृहात होता, आणि त्याच्यापुढे उभे होते आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. गायकांना ते दिसत होते फक्त मॉनिटरवर. गायक एकीकडे, साथ दुसरीकडे आणि प्रक्षेपण थेट, म्हणजे चुकलं तर दुरुस्ती नाही. साथीदार हाताच्या अंतरावर असूनही समेवर येताना कशी तारांबळ उडते हे ज्यांनी बघितलंय त्यांना याचा अंदाज येईल. गाण्यात एखादी जागा इकडची तिकडे झालीय खरी, मला ती डाचत नाही.

यातला तिसरा अंक जमलं तर भल्या पहाटे, उजाडायच्या आधी लावा, घरात दुसरा आवाज नसताना. सुरुवातीची काही मिनिटं मुख्य पात्रांपैकी कुणीच गात नाही. लांबून एक मेंढपाळ पोरगा रोमच्या बोलीत गाणं म्हणत जातो आणि मग शहरातल्या चर्चांच्या घंटा एकामागून एक सुरू होतात, काही जवळून, काही लांबून. पुच्चिनी यासाठी मुद्दाम रोमला जाऊन पहाटेच्या घंटा ऐकून आला होता आणि सेंट पीटरच्या मोठ्या घंटेचा नेमका स्वरही त्यानं मिळवला होता. ती सगळ्यांत खालच्या स्वराची, शेवटी शेवटी येणारी घंटा टीव्हीच्या स्पीकरवर ऐकू येत नाही. तेवढ्यासाठी तरी हेडफोन लावा.