परभणीत सातवीतली मुलगी ज्युदो खेळते. यात तिचं करिअर होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सातवीत, वजन ४१ किलो, आधी कबड्डी खेळायची, चार महिन्यांपासून ज्युदोला जाते. यात पुढे काय आहे, आणि सर म्हणतात तसं जिल्हा स्पर्धेसाठी वजन ४० च्या आत आणावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आणू नका.

बारा ते पंधरा या वयात मुलीचं वजन वर्षाला चार-पाच किलोनं वाढतं आणि ते वाढायलाच हवं. पाणी तोडून, स्वेटर घालून पळवलं की ४१ चे ४० होतात खरे. पण अंगातलं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी जरी घटलं तरी पाय जड होतात, दम लवकर लागतो. त्यात आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे. पत्र्याच्या हॉलमध्ये हे उद्योग केले तर सलाइन लावायची वेळ येते. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वजन आदल्या दिवशी होतं, रात्रभरात खाऊनपिऊन सावरता येतं. तिथेही दुसऱ्या सकाळी काही जणींचं वजन पुन्हा तपासतात आणि ते गटाच्या पाच टक्क्यांहून जास्त चालत नाही, म्हणजे ४८ च्या गटात ५०.४ किलो. शाळेच्या स्पर्धेत बहुधा सकाळी वजन आणि लगेच लढती. तिला ४४ च्या गटात उतरवा. हरली तरी हरू द्या.

सतत वजन दाबलं की पुढचा घोटाळा पाळीचा. पाळी सुरू झाल्यानंतर ती सलग तीन महिने चुकली, तर ‘खेळामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पोटात पुरेसं अन्न नाही याची ती खूण असते, आणि त्याची किंमत हाडं मोजतात: नडगीत, पावलात बारीक तडे जातात. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर दम न टिकण्याचं कारण सरावात शोधू नका. प्रथिनं किलोमागे साधारण दीड ग्रॅम, म्हणजे तिला ६० ते ६५ ग्रॅम. त्यासाठी प्रोटीन पावडरीचे डबे विकत आणायची गरज नाही. दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, फुटाणे, अर्धा लिटर दूध, दोन वाट्या मटकीची उसळ किंवा वरण आणि ज्वारीच्या तीन भाकरी यात ते भागतं. अंडी चालत नसतील तर दूध-दही वाढवा. पावडरीत बंदी असलेले पदार्थ मिसळलेले सापडतात, आणि उत्तेजक चाचणीत ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही.

आता क्लासकडे बघा. गाद्या कराटेच्या दोन सेंटिमीटरच्या कोड्यासारख्या जुळणाऱ्या असतील आणि खाली सिमेंट असेल, तर तिथे फेक शिकू नये. ज्युदोची गादी चार सेंटिमीटरची, घट्ट भरावाची लागते आणि भोवती चौकट हवी. नाहीतर गाद्या सरकतात, फटीत पायाचा अंगठा अडकतो. पहिले सहा आठवडे बहुतांश पडणंच शिकवलं पाहिजे: आधी आडवं झोपून, मग उकिडवं बसून, मग उभ्यानं. मागे पडताना हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, हात अंगापासून ३० ते ४५ अंशांत गादीवर आपटायचा. नवखी मुलगी सवयीनं हात मागे टेकते आणि मनगट, कोपर किंवा गळ्याचं हाड जातं. चार महिने झालेत ना? मग तिला दोन्ही बाजूंना न बिचकता पडता येतं का, ते एकदा स्वतः जाऊन बघा. हे येत नसताना सर स्पर्धेचं बोलत असतील, तर क्लास बदलायचा विचार करा.

कबड्डीवाल्या मुलींना खाली वाकून पाय धरायची सवय असते, कुस्तीवाल्यांना पट काढायची. ज्युदोत पाय हातानं धरला की दंड, ‘शिदो’. तीन शिदो झाले की लढत गेली. कुस्तीत ढाक मारणाऱ्या पोरी मात्र कमरेच्या फेकी पटकन उचलतात. मोठ्यांची लढत चार मिनिटांची. बरोबरी राहिली तर पहिला गुण मिळेपर्यंत चालू. पाठीवर नीट, जोरात आदळलं की इप्पोन, तिथेच निकाल. खाली दाबून धरलं तर २० सेकंदांना इप्पोन, १० ला वाझाआरी, म्हणजे अर्धा गुण. २०२५ पासून युको हा सगळ्यात लहान गुण परत आलाय, तो ५ सेकंदांना. आपल्याकडच्या मुली फेकीवर मरतात आणि जमिनीवरचा खेळ टाळतात. मला ही मोठी चूक वाटते. जिल्हा-विभाग पातळीवर निम्म्या लढती दाबून धरूनच जिंकता येतात.

मराठवाड्यातली खरी अडचण जोडीदाराची. एका क्लासमध्ये तिच्या वजनाच्या दोनच मुली असतात, आणि दोघींची पकड पाठ झाली की प्रगती थांबते. चौदापर्यंत सारख्या वजनाच्या मुलांबरोबर सराव खुशाल करू द्या. नंतर महिन्यातून दोन रविवार दुसऱ्या क्लबात न्या. परभणीहून नांदेड, संभाजीनगर रेल्वेनं सोपं आहे. डावखुऱ्या मुली मिळतील तिथे मुद्दाम खेळवा.

दुखापतीत गुडघा सांभाळा. पाय गादीवर रोवलेला आणि गुडघा आत वळला की लिगामेंट तुटतो, मुलींमध्ये जास्तच. शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने स्पर्धा नाही. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, लंज आणि उडी मारून गुडघा सरळ ठेवून उतरण्याचा सराव, एवढं पुरतं. आणि गजकर्ण! पोशाख रोज धुवा. मेडिकलवरचं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका, त्यानं ते दबतं आणि मग पसरतं.

खर्च: साधा पोशाख दीड-दोन हजारांत, सुती असल्यानं आटतो, म्हणून एक माप मोठा घ्या. आत मुलींना पांढरा टी-शर्ट. कानातलं, नथ, बांगड्या, धातूचा क्लिप नाही.

भवितव्याचं म्हणाल तर मणिपूरच्या सुशीला देवीची वाटचाल बघा. ४८ किलो गट. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला पुन्हा रौप्य, मध्ये टोकियो ऑलिंपिक. दोन पदकांत आठ वर्षांचं अंतर! तेवढं टिकायला पोलिसातली नोकरी हाताशी होती. मणिपूरच्याच लिंथोई चनंबमनं २०२२ मध्ये साराजेवोला ५७ किलोत कॅडेट (१८ वर्षांखालील) जागतिक सुवर्ण घेतलं; कोणत्याही वयोगटात ज्युदोचं जागतिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. म्हणजे वाट आहे, पण अरुंद. राष्ट्रीय पदकापर्यंत गेलेल्या मुलीसाठी पोलिस, रेल्वे, केंद्रीय दलं इथल्या खेळाडू भरत्या असतात. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. शिकवायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) प्रशिक्षक डिप्लोमा. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर महिन्याला १० हजार हातखर्च मिळतो.

हे सगळं प्रमाणपत्रांवर उभं आहे. शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालील गटांत जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. मराठवाड्यात विभाग दोन, संभाजीनगर आणि लातूर. याशिवाय ‘नॅशनल’, ‘इंटरनॅशनल’ नावाच्या खाजगी स्पर्धा पाच-सात हजार घेऊन पदक देतात. आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते आणि तिथे ही प्रमाणपत्रं टिकत नाहीत. पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन संघटनेला मान्यता आहे का ते विचारा. प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या निर्गम उताऱ्याशी अक्षरशः जुळली पाहिजे. चूक असेल तर मैदानातच दुरुस्त करून घ्या, पाच वर्षांनी आयोजक सापडत नाहीत.