दोरी जाम झाली म्हणजे इंजिन गेलं असं नाही

तुम्ही लिहिलंय की १९६ सीसीचं फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन असलेला पॉवर वीडर टाकी भरलेली असतानाच उभा करून ठेवला होता. तीन आठवड्यांनी दोरी ओढली तर ती वीतभर येते आणि भिंतीला टेकल्यासारखी थांबते. मिस्त्रीने दोन झटके दिले आणि 'इंजिन सीझ झालंय (आतून चिकटून जाम झालंय), नवीन बसवा' असं सांगून तो गेला. आणि जाता जाता तुम्ही एक वाक्य टाकलंय: 'ऑइल तर भरपूर आहे, उलट आधीपेक्षा जास्तच दिसतंय.'

माझा जीव त्या शेवटच्या वाक्यात अडकलाय. इंजिनातलं ऑइल कमी होऊ शकतं, आपोआप वाढत कधीच नाही. वाढलं असेल तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय, आणि या इंजिनांत ते बहुतेक वेळा पेट्रोल असतं. शिवाय इंजिन सीझ होतं ते चालताना, तापलेलं असताना. उभ्या उभ्या ते गंजून चिकटू शकतं, पण त्याला पाणी आत जावं लागतं. तुमचा वीडर चालत्या अवस्थेत धडधडीत बंद केला होता ना? मग नवीन इंजिनाचा विचार आज तरी बाजूला ठेवा.

काय झालं असावं ते सांगतो. या इंजिनांत टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. त्याला अडवायला कार्बोरेटरच्या वाटीतला फ्लोट, म्हणजे तरंगता गोळा, आणि पेट्रोलची वाट बंद करणारी त्याची छोटी सुई, म्हणजे नीडल, बस्स. नीडलच्या बुडाशी कचऱ्याचा एक कण अडकला आणि पेट्रोलचा कॉक उघडा राहिला की थेंब थेंब करत टाकी रिकामी होत जाते. इनटेक व्हॉल्व्ह उघडा असेल त्या जागी पिस्टन थांबला असेल तर पेट्रोल सिलिंडरमध्ये साचतं आणि रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. हवा दाबली जाते, पेट्रोल दाबलं जात नाही. म्हणून पिस्टन वर येता येता अडतो. अशा वेळी दोरीला लोंबकळून झटके देऊ नका, पिस्टनला खालच्या क्रँकशी (फिरत्या दांड्याशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. मिस्त्रीने दिले ते दोन झटके पुरेत.

वीडर उघड्यावर न्या, आसपास विडी-काडी, ठिणगी काही नको. कॉक बंद करा. प्लगची टोपी काढून प्लगपासून लांब, सिलिंडरच्या मागे वळवून ठेवा. प्लग काढा, भोकासमोर तोंड नेऊ नका, एक फडकं सैलसं धरा आणि दोरी हळूच ओढा. पेट्रोलची चूळ बाहेर आली आणि दोरी सुटली, तर इंजिन जिवंत आहे. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइल पाण्यासारखं पातळ आणि पेट्रोलचा भपका येत असेल तर शंकाच नको. ते सगळं ऑइल काढून नवीन भरा. या मापाच्या इंजिनात साधारण ०.६ लिटर बसतं, १०डब्ल्यू-३० ग्रेडचं चालतं. पातळ ऑइलवर पाच मिनिटं चालवून बघू म्हणाल तर जे आज झालेलं नाही ते उद्या नक्की होईल. मग कार्बोरेटरची वाटी उतरवून नीडल आणि तिची बैठक साफ करा, नीडलच्या रबरी टोकावर कड उमटली असेल तर बदला. हे केलं नाही तर महिन्याभरात तुम्ही परत हाच प्रश्न विचाराल.

प्लग काढूनही दोरी हलली नाही तर? तरीही लगेच इंजिनावर येऊ नका. आधी पट्टा उतरवा किंवा गिअर न्यूट्रलला टाका. पात्यांच्या दांड्यात तार, सुतळी, वेल गुंडाळून गिअरबॉक्स अडकलेला मी पाहिलाय, आणि शिव्या इंजिनाने खाल्ल्यात. नंतर दोरीच्या स्टार्टरचे बोल्ट काढून तो अख्खा बाजूला करा. आत फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाचा, नट दिसेल. त्याला गोटी पाना लावून आवळायच्या दिशेने फिरवा. फिरला तर दोष स्टार्टरचा: स्प्रिंग तुटलेली, दोरी कडेला चेपलेली. एकदा मी स्वतः हे न बघता हेड उघडून बसलो होतो, गॅस्केट फाटलं ते वेगळंच. कारण निघालं पुलीत अडकलेला दोरीचा उसवलेला धागा.

एवढं करूनही नट जागचा हलत नसेल तर मात्र आत बघायची वेळ आली. ऑइल पांढऱ्या वाडग्यात काढा आणि उन्हात धरून तिरकं करा. चंदेरी चमक तरंगताना दिसली, पण लोहचुंबकाला काही चिकटत नाही, तर तो अॅल्युमिनियमचा चुरा: पिस्टन किंवा रॉड. इथे या इंजिनांची एक गोष्ट कळून घ्यायला हवी. यांच्यात ऑइलचा पंप नसतो. रॉडच्या खालच्या टोकाला एक चमच्यासारखा पाय असतो, तो ऑइल उडवतो, त्या शिंतोड्यांवर सगळं चालतं. उतारावर बराच वेळ तिरकं चालवलं, ऑइल कमी असलं, की चमच्याला ऑइलच लागत नाही. आणि रॉड अॅल्युमिनियमचा, तो क्रँकच्या पिनवर थेट फिरतो, मध्ये बदलता येणारं बेअरिंग नाही. ऑइल तुटलं की अॅल्युमिनियम वितळल्यासारखं पिनवर माखतं, रॉड धरतो, कधी तुटून केसिंगला भोक पाडून बाहेर येतो.

नवीन इंजिन की दुरुस्ती, हे मी या पिनवर ठरवतो. वरचं काही बिघडलं असेल, म्हणजे व्हॉल्व्ह, हेडचं गॅस्केट, रिंगा, कॉइल, कार्बोरेटर, तर दुरुस्तीच. पिन गुळगुळीत असेल आणि फक्त रॉडच गेला असेल तरी दुरुस्ती. पण पिनवर नख फिरवल्यावर ते खाचेत अडकत असेल, केसिंगला भोक पडलं असेल किंवा क्रँक वाकला असेल तर त्यात पैसे ओतू नका. मी एकदा ओरखडलेली पिन पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, नवा रॉड घातला आणि स्वतःवर खूश झालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टकटक सुरू झाली. पिन गोल राहिली नव्हती, डोळ्याला दिसत नव्हतं एवढंच. सिलिंडरही केसिंगसोबत एकसंध ओतलेला असतो, त्यामुळे बोअर घासला की 'फक्त सिलिंडर बदलतो' असं म्हणायची सोय नाही.

इंजिन फिरतंय पण दमच नाही, अशी तक्रार असेल तर कॉम्प्रेशन गेजच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दोरी हलकी जावी म्हणून कॅमशाफ्टवर एक युक्ती असते, ती ओढताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उघडा ठेवते, मग गेज कमीच दाखवणार. त्यापेक्षा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी पिस्टन वर आणून फ्लायव्हील घट्ट धरा, प्लगच्या भोकातून बेताने हवा भरा आणि कान लावा. फुसफुस कार्बोरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, डिपस्टिकच्या भोकातून आली तर रिंगा. दोष व्हॉल्व्हचा निघाला तर आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट बघा, थंड इंजिनावर इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी. नुसतं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून टॅपेट सैल केल्यावर 'मेलेली' इंजिनं पहिल्या दोरीत उठलेली आहेत. आणि ठिणगीच नसेल तर कॉइल घेण्याआधी ऑइल सेन्सरची वायर काढून बघा. ऑइल कमी झालं की तो ठिणगी तोडतो, स्वतः बिघडला तरीही तोडतो.

तरीही नवीन घ्यायची वेळ आलीच तर हॉर्सपॉवरचं स्टिकर सोडा, मापं घ्यायला वर्निअर काढा. होंडाच्या जीएक्स २०० चा आराखडा बऱ्याच कंपन्यांनी उचललाय: ६८ मिमी बोअर, ५४ मिमी स्ट्रोक, पायाच्या बोल्टचं अंतर १६२ गुणिले ७५.५ मिमी. त्यामुळे बूड बहुतेक जुळतं. फसतो तो शाफ्ट, म्हणजे पुली बसते तो बाहेरचा दांडा. तो पाऊण इंची म्हणजे १९.०५ मिमी असू शकतो किंवा २० मिमी. डोळ्याला दोन्ही सारखेच. पाऊण इंची पुली २० च्या शाफ्टवर जाणार नाही, आणि २० ची पुली १९.०५ वर चढवली तर ती सैल बसून डगडग करत चावी (पुली शाफ्टवर अडकवणारी लोखंडी पट्टी) आणि खाच दोन्ही खाईल. कानस घेऊन शाफ्ट 'जरासा' घासायच्या भानगडीत पडू नका. चावीची रुंदी मोजा, शाफ्टची लांबी मोजा, टोकाच्या बोल्टचे आटे बघा. शाफ्ट सरळ आहे की निमुळता, आणि जुन्या इंजिनाला बाजूला २:१ चा, म्हणजे वेग निम्मा करणारा, रिडक्शन गिअर लावलेला होता का, हेही तपासा. तो विसरलात तर पाती दुप्पट वेगाने फिरतील. सायलेन्सरचं तोंड तुमच्या हाताकडे येत नाही ना, तेही घेण्याआधी बघा.

'एवीतेवी बदलतोय तर मोठंच टाकू' हा मोह सगळ्यांना होतो. २७० सीसीचा शाफ्टही जाड आणि पायही वेगळा, पण खरी गोष्ट अशी की तुमचा गिअरबॉक्स १९६ च्या ताकदीसाठी बनलाय. पुढचा आजार तिथे निघेल.

नवीन इंजिन बहुतेक कोरडं येतं, ऑइलशिवाय. खोक्यातून काढून पेट्रोल टाकून दोरी ओढणारे आहेत, म्हणून सांगतो. सपाट जागी ठेवून ऑइल भरा. डिपस्टिक आटे न फिरवता नुसती आत टेकवून पातळी बघायची की पूर्ण आवळून, हे इंजिनागणिक बदलतं, पुस्तिकेत बघून घ्या. पहिले २० तास झाले की ते ऑइल काढा, पुढे दर १०० तासांनी. गव्हर्नरच्या, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगला हात लावू नका. ही इंजिनं मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या आसपास चालवायची असतात, जास्त पळवलं तर तोच रॉड तुटतो.

पण तुमच्या बाबतीत इथवर यायची गरज पडेल असं मला वाटत नाही. आज प्लग काढा, ऑइलचा वास घ्या, आणि भोकातून काय बाहेर आलं ते कळवा. चूळ आली तर कार्बोरेटरच्या वाटीचा आणि नीडलच्या टोकाचा जवळून फोटोही टाका, नीडल बदलायची की नुसती पुसायची ते बघून सांगतो.