भाषा गेली तरी नाच कसा राहतो? कॅनडातल्या युक्रेनियन लोकांचं काय?

तुम्ही विचारलंय की परदेशात वाढणाऱ्या मुलांमध्ये लोककला तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत टिकते का, आणि कॅनडातल्या युक्रेनियन लोकांना ते कसं जमलं. मी चौदा वर्षं कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला राहते. माझी मुलगी सहा वर्षं युक्रेनियन नाचाच्या वर्गाला जातेय, तिथल्या बाकावर बसून जे दिसलं ते सांगते.

१८९१ साली गालिसियातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या, नेबिलिव गावचे दोघे शेतकरी इथे जमीन पाहायला आले. त्यांच्या मागोमाग अल्बर्टा, सस्कॅचवान, मॅनिटोबाच्या माळावर हजारो कुटुंबं येऊन वसली. नाच त्यांच्यासोबतच आला होता, पण तो लग्नात नाचायचा नाच होता. त्याचे वर्ग सुरू झाले ते वासिल आव्रामेंको हे नृत्यशिक्षक १९२५ मध्ये आल्यावर. पोलंडमधल्या छावणीत स्थानबद्ध असताना त्यांनी तिथल्या युक्रेनियन सैनिकांना नाच शिकवला होता. कॅनडात ते गावोगावी थोड्या मुदतीचे वर्ग घेत, त्यातून तयार झालेल्या मुलांना शिक्षक करून पुढे जात. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराच्या मंचावर त्यांनी शेकडो नर्तक उभे केले. पावलं, क्रम, पोशाख त्यांनी बांधून दिले, म्हणून खेड्यातला मोकळेपणा गेला अशी टीका होते. ती खरी आहे. पण बांधून दिलं नसतं तर दुसऱ्या गावच्या शिक्षकाने मुलांना काय शिकवलं असतं? मला हा सौदा फायद्याचा वाटतो.

शिवाय गावागावात युक्रेनियन लोकांचा 'नारोद्नी दिम' असे, म्हणजे वर्गणी काढून बांधलेलं समाजाचं सभागृह. नाटक, गाणं, वाचनालय, नाच, सगळं एका छपराखाली. एडमंटनची 'शुम्का' ही मंडळी १९५९ पासून आणि 'चेरेमोश' १९६९ पासून नाचतेय. आमच्या वर्गात तीन-चार वर्षांची पोरं येतात, आणि त्यांच्या आया मागे बसून भरतकामाचे सदरे शिवतात. त्यातल्या बहुतेकींना युक्रेनियन बोलता येत नाही. 'दोब्रे', म्हणजे 'छान', एवढं मात्र सगळ्या म्हणतात.

वाद्यांचंही असंच. बांडुरा या तंतुवाद्याच्या वादकांचा सोव्हिएत राजवटीत छळ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत राहिलेलं बांडुरावादकांचं गायनमंडळ १९४९ मध्ये डेट्रॉइटला आलं आणि तिथे ती परंपरा चालू राहिली. अल्बर्टात त्सिम्बाली जास्त ऐकू येतं, आपल्या संतूरसारखं, हातातल्या काठ्यांनी तारांवर वाजवायचं.

पण तुम्हाला खरं उत्तर हवं असेल तर इथल्या लग्नाला जा. रात्री उशिरा त्सिम्बाली, फिडल आणि ड्रम कोलोमिइका धरतात. ही पश्चिम युक्रेनच्या कार्पेथियन डोंगराळ भागातली दोन मात्रांची जलद चाल. तिच्या गाण्याची ओळ चौदा अक्षरांची असते, आठ आणि सहा. ओवीसारखी ती ऐन वेळी रचताही येते. सगळे मोठं कडं करतात आणि एकेक जण मध्ये येऊन आपली करामत दाखवतो: कोणी उकिडवं बसून पाय झाडतं, कोणी भिंगरीसारखं फिरतं, चौघी-पाचजणी हात गुंफून गरगरतात. कडं टाळ्या वाजवत राहतं. वर्गात शिकलेलं तिथे स्वतःचं होतं. माझ्या मते टिकण्याचं कारण हेच: शिकलेलं नाचायला रंगमंचाबाहेरही जागा आहे. नुसतं वार्षिक संमेलनापुरतं बसवलेलं लेझीम पुढच्या वर्षी मुलांना आठवत नाही, हे मी आमच्या मंडळात पाहिलंय.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका लग्नात युद्धामुळे खारकिव्हहून आलेली एक तरुणी माझ्या शेजारी उभी होती. खारकिव्ह पूर्वेला, त्यामुळे असं कडं तिने लग्नात कधी पाहिलं नव्हतं. युक्रेनियनचा एक शब्दही न येणाऱ्या एका पणजीबाईंनी तिचा हात धरला आणि तिला मध्ये नेलं.