आवड सापडत नाही, ताई!

प्रश्न: ताई, वय ३७. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. सिडकोत घर, बायको, एक मुलगी. तक्रार करावी असं काही नाही आणि तेच बोचतं. गेल्या सहा वर्षांत गिटार शिकायला लागलो, सोडली. सायकल घेतली, तिच्यावर आता बाल्कनीत टॉवेल वाळतात. बासरी झाली, फोटोग्राफी झाली, कुंभारकामाचं शिबिरही झालं. प्रत्येक गोष्ट तीन महिने जीव की प्राण, मग कंटाळा. मागच्या डिसेंबरात मित्रांबरोबर हरिहर किल्ल्यावर गेलो. त्या उभ्या पायऱ्यांच्या खोबणीत बोटं अडकवून चढताना वाटलं, हां, आपण जिवंत आहोत! सोमवारी पहिल्या पाळीला गेलो आणि सगळं विरून गेलं. बायको म्हणते, तुम्हाला धरसोडीचीच आवड आहे. माझी खरी आवड मी शोधू कुठे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: आधी तुमच्या बायकोला दाद देते. आता तुमच्याकडे वळू.

पत्रात मला एकच शब्द अडला, ‘शोधू’. जणू आवड म्हणजे चष्मा, घरातच कुठेतरी ठेवलाय आणि आठवत नाही. माझा अनुभव वेगळा आहे, सांगते.

मी पंचवटीतली, जन्म १९६३चा. १९६९च्या महापुरात सहा वर्षांची होते. फार आठवत नाही. दंडाला घट्ट धरलेला आजीचा हात आठवतो आणि गल्लीतून वाहत गेलेला कुणाचा तरी जेवणाचा पाट. त्यानंतर आमच्या घरात गोदावरी नमस्कार करायची झाली, उतरायची नाही. पावसाळ्यात नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, एवढं दुरून बघायचं. २०१५च्या सिंहस्थात अख्खा देश आमच्या दारात येऊन डुबक्या मारून गेला आणि मी बावन्न वर्षांची बाई पायरीवर बसून तांब्याने अंगावर पाणी घेत होते. लाज वाटली. पुढच्या उन्हाळ्यात सावरकर जलतरण तलावावर नाव घातलं.

पहिल्या दिवशीचं धाडस सोपं होतं. घरी कौतुक, मैत्रिणींचे फोन, नवी कोरी टोपी. अवघड गेला एकविसावा दिवस. माझ्याबरोबर लागलेली आठ-नऊ वर्षांची पोरं खोल बाजूला पोचली होती आणि मी अजून कडेची दांडी धरून पाण्यात फुगे सोडत होते. त्यातला एक कार्टा मोठ्याने ओरडला, “आजी अजून फुग्यांतच!” त्या संध्याकाळी घरी जाऊन मी जाहीर केलं की क्लोरिनने माझी कातडी खराब होतेय, उद्यापासून बंद. तुम्ही ज्याला कंटाळा म्हणता ना, तो मला तेव्हा क्लोरिनच्या नावाने आला होता.

दुसऱ्या दिवशी गेले ती फक्त फी भरलेली होती म्हणून. (पैसे आधी भरून टाकणं मी उपासतापासाच्या वरचं व्रत मानते.) सदतिसाव्या की अडतिसाव्या दिवशी सर म्हणाले, श्वास पाण्यात सोडा, डोकं वर काढून नको. हे ते रोज सांगत होते. त्या दिवशी ते माझ्या मानेला कळलं. दांडी सुटली. कान पाण्याखाली गेले की वरचा गलबला एकदम लांब जातो आणि स्वतःचे बुडबुडे तेवढे ऐकू येतात. जेमतेम पाच-सहा हात गेले असेन. पण घरी येताना रिक्षात मला हसू आवरेना, रिक्षावाला आरशातून बघत होता. आवड लागली ती तिथे, सव्वा महिन्याने. त्याआधी नुसती हौस होती आणि मधले पंधरा दिवस तर तीही नव्हती.

त्याच ऑगस्टात आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकच्या एकेरी नौकानयनात उतरला आणि तेरावा आला. दुष्काळी गाव, विहिरी खोदायच्या कामावर जाणारा मुलगा. वल्ही हातात आली ती सैन्यात गेल्यावर. लहानपणापासून नावेचं वेड असायला गावात पाणी तरी हवं! पुढे २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून त्याने सुवर्णपदक आणलं.

आता तुमचे तीन महिने. माझ्या मामेभावाची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. एप्रिलात खरड छाटणी करतात, वेल पार बोडका दिसतो. मग नव्या काड्या फुटतात. त्या विरळायच्या, शेंडे मारायचे, पाणी मोजून द्यायचं. विकायला एक मणी नाही. मे-जूनमध्ये बागेत आलेला पाहुणा हमखास म्हणतो, नुसता पाला वाढवलाय की हो! पण पुढच्या हंगामाचा घड त्याच दिवसांत काडीच्या डोळ्यात धरत असतो. वरून काही दिसत नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीच्या आधी काड्या नेऊन डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आणतात. उन्हाळ्यात घड धरलाच नसेल तर ऑक्टोबरात कितीही फवारण्या करा, माल येत नाही. भाऊसाहेब, तुम्ही गिटार नेमकी पाल्याच्या दिवसांत सोडलीत. बासरीही. फोटोग्राफीचं मला ठाऊक नाही, ती कदाचित खरंच तुमची नसेल.

सोडूच नये असं माझं म्हणणं नाही. विणकाम मी मजेत सोडलं, अर्धा स्वेटर अजून कपाटात आहे, कुणाचं काही बिघडलं नाही. सोडताना तेवढं तपासा: ही गोष्ट नकोय, की ती करताना चारचौघांत फजिती होते ती नकोय? दुसरं असेल तर अजून थांबा.

हरिहरवर वाटलं ते खोटं नव्हतं. पण तिथली भीती त्या कातळाने फुकट दिली होती, तुम्ही फक्त चढलात. दर महिन्याला नवा किल्ला गाठत सुटलात तर तो तुमचा सहावा छंद होईल. जायचंच तर वर्षभर हरिहरलाच जा, शनिवार-रविवारची गर्दी टाळून. वरच्या टाक्यांपैकी कुठल्यातलं पाणी मेपर्यंत टिकतं, खालच्या निरगुडपाड्यातली माणसं काय पेरतात, हे कळायला लागलं की बघा सोमवार कसा जातो.

नाहीतर बासरी घ्या. मी तुमच्या जागी असते तर तीच उचलली असती, तिच्यावर टॉवेल वाळत घालता येत नाहीत. गुरुजींना वर्षाची फी एकदम द्या आणि पाडव्याला सोसायटीच्या गच्चीवर दहा मिनिटं वाजवणार असं आजच सगळ्यांना सांगून टाका. फुंकर फुसकी जाईल, मुलगी कानावर हात ठेवेल. पहिली पाळी असली की संध्याकाळी रियाज, दुसरी असली की सकाळी, चुकला तर चुकला, त्या आठवड्याचं रडगाणं नको. पाडव्यानंतर मला पत्र लिहा. बायकोचा अभिप्राय सोबत जोडा, मला तो जास्त हवाय.

प्रश्न: वय ५८. आमच्या कॉलनीतल्या मुली ढोल पथकात आहेत. मलाही ढोल वाजवायचाय. मुलगा म्हणतो, आई, या वयात शोभतं का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: शोभतं की नाही ते मिरवणुकीच्या दिवशी बघू. आधी कंबर बघा. ढोल कमरेला बांधून तासन् तास उभं राहायचं असतं, तेव्हा पाठीचं डॉक्टरांना दाखवून घ्या, गुडघ्यांचंही. सराव गणपतीच्या महिना-दोन महिने आधीपासून, भर पावसात. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. पहिल्या आठवड्यात बोटांना फोड येतील, त्या मुलींना विचारा, त्या चिकटपट्टी कशी गुंडाळायची ते दाखवतील. आणि मुलाला एक काम लावून द्या: रात्री नऊला सरावाच्या मैदानावर न्यायला यायचं. छत्री एकच आणली तरी चालेल म्हणावं, मी भिजलेलीच असेन.