टीएसएच एकदम 0.08? आधी केसांच्या गोळीचं लेबल वाचा

तुम्ही विचारलंय, डोस न बदलता थायरॉइडचा रिपोर्ट एवढा कसा बदलला. थायरॉइडची 75 मायक्रोग्रॅमची गोळी तीच, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन; थायरॉइडचे हार्मोन जास्त झाले की हा उतरतो) सहा महिन्यांपूर्वी 2.9, आता 0.08, फ्री टी4 (रक्तातला मोकळा थायरॉइड हार्मोन) चढलेला. तरी धडधड नाही, हात कापत नाहीत, वजन जागच्या जागी. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की केस गळतात म्हणून ‘हेअर-नेल’ची गोळी चालू आहे. आमच्या घरी अगदी हाच घोळ झाला होता.

लेबलवर बायोटिन (एक बी-व्हिटॅमिन) 10 मिग्रॅ असेल, म्हणजे 10,000 मायक्रोग्रॅम. दिवसाची गरज जेमतेम 30 मायक्रोग्रॅम. काही यंत्रांत तपासणीची अँटिबॉडी पकडून ठेवायला बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टाविडिन हे प्रथिन, अशी जोडी वापरतात. रक्तातलं जादा बायोटिन त्या जागा अडवतं आणि टीएसएच खोटा कमी दिसतो. फ्री टी3-टी4 च्या चाचणीचं गणित उलटं, त्यामुळे ते खोटे जास्त. झाला हायपरथायरॉइडचा, म्हणजे थायरॉइड जास्त असल्याचा, रिपोर्ट तयार!

आमचं डोकं फिरवलं ते लॅबच्या काउंटरने. कुठल्या पद्धतीने तपासलं, बायोटिनचा अडथळा येतो का, एवढंच विचारलं होतं. उत्तर एकच: “डॉक्टरांना दाखवा.” डॉक्टर कागदावरचा आकडा बघणार. आमच्याकडे तेवढ्यावरच थायरॉइडच्या गोळीचा डोस उतरवला, आणि पुढे खरा टीएसएच चढला. तुम्ही काउंटरशी हुज्जत घालू नका, थेट पॅथॉलॉजिस्टना विचारा. उपाशीपोटी आलात का, हे मात्र दहादा विचारतील. नुसत्या थायरॉइडसाठी त्याची गरजच नसते.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे थायरॉइडची गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. डॉक्टरांना बायोटिनचं सांगा आणि डोस बदलण्याआधी फेरतपासणी मागा. केसांची गोळी बंद. दोन-तीन दिवस पुरतात म्हणतात, पण 10 मिग्रॅला मी आठवडा धरेन. लॅब तीच, वेळ सकाळची, थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर, कारण घेतल्यावर काही तास फ्री टी4 थोडा वर असतो. तरीही टीएसएच तळालाच असेल तर तो खरा, मग डोसचं बघावंच लागेल. बदललाच तर सहा आठवड्यांच्या आत पुन्हा तपासू नका, टीएसएच स्थिरावलेलाच नसतो. गरोदरपण असेल किंवा छातीत धडधडत असेल तर मात्र यातलं काही न करता आजच डॉक्टर गाठा.

आणि हो, त्या केसांच्या गोळीत लोह-कॅल्शियमही असतं बऱ्याचदा. पुन्हा सुरू केलीत तर थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी.