काचेची भिंत आणि दाराची कडी

तिने मोबाइल टेबलावर माझ्यासमोर सरकवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघायला लागली. स्क्रीनवर एका रिसॉर्टच्या खोलीचा फोटो होता. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम, टॉवेलचे दोन हंस, आणि पलंगाच्या बरोब्बर समोर बाथरूम. बाथरूमला भिंत नव्हती, काच होती. फोटोखाली होणाऱ्या नवऱ्याचा मेसेज: ‘कसं वाटतंय? बुक करू?’

“मी ‘छान आहे’ असं लिहून पाठवलं, मॅडम,” ती म्हणाली. “आणि त्या रात्री झोपच लागली नाही.”

लग्न पंचवीस दिवसांवर आलं होतं. दोन्ही घरं सोलापूरची, स्थळ नात्यातून आलेलं. साखरपुड्यानंतर दोघं तीनदा भेटली होती, त्यातही दोनदा नणंद सोबत. फोनवर रोज बोलणं व्हायचं, पण ते जेवलीस का, काय चाललंय, इथवरच. वहिनी तिला समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन आली होती आणि बाहेरच्या बाकावर मुद्दाम लांब बसली होती. (दोघांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.)

“सगळ्या मैत्रिणी हनिमूनची वाट बघतात. मला नुसती भीती वाटते. माझ्यातच काही कमी आहे का?”

हा प्रश्न मी इतक्या मुलींकडून ऐकला आहे, की तो विचारताना त्यांचा आवाज कुठे अडकतो तेही मला ठाऊक झालं आहे. उत्तर मी लगेच देऊन टाकते, ताटकळत ठेवत नाही. नाही, काही कमी नाही. ज्या माणसाशी अजून तासभर निवांत बोलणं झालेलं नाही, त्याच्यासमोर काचेआड अंघोळ करायच्या कल्पनेने पोटात गोळा येणं हे अगदी जागच्या जागी असलेलं मन आहे.

पण तिची भीती काचेवर थांबत नव्हती. बऱ्याच वेळाने, अगदी चोरी कबूल केल्यासारखं, ती म्हणाली, “मला गाडी लागते.” लहानपणापासून. एसटीत, जीपमध्ये, घाटात तर हमखास. पर्समध्ये कायम लिंबू, आवळा सुपारी आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या. तिने पर्स उघडून दाखवली, पिशव्यांच्या नीट त्रिकोणी घड्या घातलेल्या होत्या. आणि होणारा नवरा तर सगळा हनिमून गाडीने करायचा म्हणत होता. “पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर उलटी झाली तर? ते काय म्हणतील?”

मी तिला एकच काम दिलं. ही उलटीची गोष्ट त्याला फोनवर सांगायची. बाकी काही नाही, एवढीच. मोठं मनातलं बोलायच्या आधी असं लहानसं काहीतरी सांगून बघावं. समोरचा माणूस ते कसं हातात घेतो, ते कळतं.

चार दिवसांनी तो एकटा आला. आल्या आल्या त्याने फाइलमधून कागद काढले. अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात तो हिशेब बघतो, आणि ते त्या कागदांवर दिसत होतं. सोलापूर, कोल्हापूर, आंबोली, गोवा, गोकर्ण, कूर्ग, उटी, म्हैसूर, हंपी आणि परत सोलापूर. आठ दिवस, दोन हजार किलोमीटरच्या घरात. प्रत्येक ओळीला वेळ लिहिलेली: ‘पहाटे साडेपाच, निघणे. साडेसात, चहा, दहा मिनिटं.’ प्रत्येक मुक्काम वेगळा, प्रत्येक खोलीपुढे ‘रोमँटिक’, ‘व्ह्यू’, ‘जकुझी’ अशी नोंद.

“एक मिनिट वाया जाणार नाही, मॅडम.”

रस्त्यांबद्दल मी फार बोलले नाही. एवढंच लक्षात आणून दिलं की उटीहून म्हैसूरला येताना बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, आणि त्याच्या कागदावर ती वेळ नेमकी तिथेच येत होती. त्याने लगेच पेन काढलं. मग मी विचारलं, “रोज रात्री साडेनऊ-दहाला खोलीवर पोचणार. पहाटे पाचला उठणार. मग त्या महागाच्या खोलीत तुम्ही दोघं नक्की करणार काय?”

तो कागदाकडे बघत राहिला. कान लाल झाले. पंख्याखाली कागद फडफडत होता, त्यावर त्याने तळहात दाबून धरला होता.

“दमलो की झोपच लागेल ना,” तो अखेर म्हणाला. “मग तो विषय निघणार नाही.”

मित्रांच्या ग्रुपवर साखरपुड्यापासून चेष्टा चालली होती. कोणी गोळ्यांची नावं पाठवत होतं, कोणी ‘पहिल्या रात्री नाही जमलं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल’ असं. त्याला काही अनुभव नव्हता, विचारायला कोणी नव्हतं. काचेचं बाथरूम त्याला आवडलं म्हणून त्याने निवडलंच नव्हतं. वेबसाइटवर जोडप्यांसाठीच्या खोल्यांत ते सगळ्यात वर होतं, म्हणून. ती त्या फोटोने रात्रभर जागी होती, आणि हा त्याच खोलीत दमून झोपून जायचं ठरवत होता.

मला इथे मनापासून सांगायचं आहे. हनिमूनचा गच्च भरलेला बेत समोर आला की मी आधी त्यामागची भीती शोधते. उत्साहसुद्धा असतो, नाही असं नाही. पण दिवसाला पाच ठिकाणं आणि रोज नवी खोली, यात दोन माणसांना एकमेकांसमोर नुसतं बसायची पाळीच येत नाही. ठरवून केलेलं लग्न असेल तर हे नुसतं बसणंच तर राहून गेलेलं असतं.

काही घरांत याच्या उलट बोललं जातं. कशाला ते हनिमून-फिनिमून, देवदर्शन करून या आणि लागा कामाला. मला हे पटत नाही. या मुलाच्या घरात सात माणसं. दोघांच्या वाट्याला येणारी खोली हॉलला लागून, आणि तिच्या दाराची कडी दोन वर्षांपूर्वी तुटली ती बसवायची राहून गेलेली. अशा घरातल्या जोडप्याला चार दिवस बंद होणारं दार मिळणं ही चैन नव्हे, गरज आहे. म्हणून बेत रद्द करा असं मी कधीच म्हणत नाही. लहान करा, म्हणते.

तिसऱ्या वेळी दोघं एकत्र आली. उलटीचं तिने सांगितलं होतं. तो हसला नव्हता. ‘मग घाटच नको’ एवढं म्हणाला होता, आणि ते ऐकून तिला रडू आलं होतं. आम्ही नकाशा उघडला. बिनघाटाचा रस्ता शोधता शोधता बोट सरळ दक्षिणेला गेलं. विजयपूर, म्हणजे आपलं विजापूर, शंभर किलोमीटर. तिथून बदामी साधारण सव्वाशे. बदामीहून हंपी दीडशेच्या आत. हंपीहून सोलापूर तीनशेच्या आसपास, तेही बहुतेक हमरस्त्याने. तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस, म्हणजे हवाही बरी. मे महिन्यात मी त्या दगडांत कोणालाही धाडलं नसतं.

तो जरा खट्टू झाला. “तिथे तर शाळेची सहल जाते, मॅडम.” मग मीच रंगात आले, मला राहवलं नाही. गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. पण वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून एकाने हळू बोललेलं समोरच्या टोकाला, सदतीस-अडतीस मीटरवर, कान लावलेल्या दुसऱ्याला ऐकू येतं. गर्दी ओरडायला लागली की ती मजा जाते, म्हणून लवकर जायचं. ज्यांना समोरासमोर बोलता येत नाही त्यांच्यासाठी तर ती जागा फारच चांगली. बदामीला अगस्त्य तलावाच्या काठी भूतनाथाच्या देवळाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसलं की तांबडा कातळ पाण्यात उतरतो. तिथून बावीसेक किलोमीटरवर पट्टदकल. तिथलं विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात बांधवलं, नवरा विक्रमादित्य दुसरा याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून. १९८७ पासून ते सगळं जागतिक वारशात आहे. आणि आपण मात्र तिथे सहावीत एकदा जाऊन येतो.

घरच्यांचा अडसर हंपीने आपोआप सोडवला. सासूबाई वारकरी. पंढरपूरचा पांडुरंग विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला, नेला होता आणि संत भानुदासांनी तो परत आणला, ही कथा त्यांना तोंडपाठ. ‘पोरं विठ्ठलाच्या रिकाम्या देवळाला जाणार’ म्हटल्यावर त्यांनी स्वतःच शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा डबा कबूल केला. तुळजापूर मात्र आधी करायचं होतं, ते लग्नानंतरच्या मंगळवारी ठरलं.

मग आम्ही बारीकसारीक बघितलं, आणि मला यातच खरा रस असतो. परतीचा दिवस सोडला तर दिवसाला गाडीत चार-साडेचार तासांहून जास्त नाही. बदामीला सलग दोन रात्री, हंपीसाठी जवळच्या होसपेटमध्ये दोन, एका रात्रीची खोली कुठेच नाही. हॉटेलला त्याने फोन करून विचारायचं, तिने समोर बसून ऐकायचं: बाथरूमला दार आहे का, आतून कडी लागते का, खिडकी कुठे उघडते, बेत बदलला तर पैसे परत मिळतात का. पलंगावर पाकळ्या नकोत, हेही तेव्हाच सांगायचं. आधार कार्ड दोघांचंही जवळ हवं. तिच्या कार्डावर माहेरचं आडनाव असलं तरी बिघडत नाही. लग्नाचं प्रमाणपत्र दाखवायलाच हवं असा कायदा नाही.

गाडी लागते त्यांनी पुढे बसावं, लांबवर नजर ठेवावी, मोबाइल बघू नये, पोट रिकामंही नको आणि तडस लागेपर्यंतही नको. गोळी हवी तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी. त्या गोळीने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घ्यायची नाही.

पाळीची तारीख नेमकी प्रवासात येत होती. वहिनीने मैत्रिणीकडून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची पट्टी आणून ठेवली होती. ती पट्टी मी बाजूला ठेवायला लावली आणि तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या गोळ्या सहसा तारखेच्या तीन दिवस आधीपासून घ्याव्या लागतात, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेल्यांना त्या चालत नाहीत, आणि त्यांनी गर्भ राहायचा थांबत नाही. हे शेवटचं फार जणींना माहीत नसतं. कंडोम कोणी घ्यायचे, हे मी त्याच्याकडे बघून विचारलं. “मी,” तो म्हणाला. आवाज फुटला नाही, पण म्हणाला.

आणखी एक. आपल्याकडच्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, कारण वाटेत धड स्वच्छतागृह सापडत नाही. लघवी तुंबवून धरतात. त्यात नवीन लग्न, नवीन संबंध, आणि मग हनिमूनहून परतताना जळजळ, ताप. म्हणून दर दोन तासांनी चांगलं ठिकाण बघून गाडी थांबवायची, ही जबाबदारी चालवणाऱ्याची. संबंधानंतर तिने लघवीला जाऊन यायचं. जळजळ झालीच तर लाजत घरी यायची वाट बघायची नाही, तिथेच डॉक्टर गाठायचा.

रात्रीबद्दल मी दोघांसमोर एवढंच म्हटलं: पहिल्या दोन रात्री काही व्हायलाच हवं, असं नाही. गप्पा मारा, हात धरा, झोपा. कोणीही ‘आज नको’ म्हणालं तर दुसऱ्याने ‘बरं’ म्हणायचं, का ते विचारायचं नाही. पहिल्या वेळी रक्त आलं नाही तर त्याचा काहीही अर्थ होत नाही. दुखलं तर थांबायचं. पुढेही दुखत राहिलं तर त्यावर उपचार असतात, ते सोसायचं दुखणं नव्हे. तो पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होता, ती जमिनीकडे. ‘बरं म्हणायचं’ याला मात्र तिने मान वर केली.

शेवटी मी त्याला मित्रांच्या ग्रुपबद्दल विचारलं. आठ दिवस तो बंद ठेवायचं त्याने माझ्यासमोरच केलं.

परत आल्यावर तीन आठवड्यांनी ती आली, तो खाली गाडी लावत होता. उलटी झाली होती. विजापूर सोडल्यावर, अलमट्टीच्या अलीकडे, ऊसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेली असताना. त्याने गाडी बाजूला घेतली, पाण्याची बाटली उघडून दिली आणि रस्त्याने जाणाऱ्यांना ती दिसू नये म्हणून हात कमरेवर ठेवून मध्ये उभा राहिला. “मला त्यांची भीती वाटेनाशी झाली, ती तिथे,” ती म्हणाली. बदामीत दोनाच्या तीन रात्री झाल्या, पट्टदकल बघितलं, हंपीला एकच दिवस उरला. विठ्ठलाचं देऊळ तेवढं केलं, सासूबाईंसाठी.

बाकीचं मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, “ते आमचं आम्ही बघतोय, मॅडम. घाई नाही.”

तोवर तो वर आला. आता अडचण वेगळीच होती. घरी आल्यापासून दोघं पुन्हा गप्प झाली होती, कारण खोलीच्या दाराला कडीच नव्हती. आईला कसं सांगायचं, बाबांना काय वाटेल, हे दोघं गेले पंधरा दिवस कुजबुजत बसली होती.

“सांगायचं कशाला?” मी म्हटलं. “स्वतःच्या खोलीची कडी आहे. आणा आणि लावा.”

जाताना त्याने वाटेत दुकानातून पितळेची कडी आणि चार स्क्रू घेतले. तिने रात्री मेसेज केला. ड्रिल मशिनचा आवाज सगळ्या घराला ऐकू गेला, सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला, आणि सासूबाईंनी आत येऊन लाकडाचा भुसा झाडून घेतला.