वाचक विचारतात : रक्त पातळ करायची गोळी आणि मेथीची पेंडी

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या आत्याबाई 61 वर्षांच्या आहेत, चार वर्षांपूर्वी मिरजेला त्यांच्या हार्टची झडप बदलली, मेटलची बसवलीय, तेव्हापासून रक्त पातळ करायची ॲसिट्रॉम गोळी चालू आहे. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, वाढला की रक्त जास्त पातळ) कायम 2.8, 3 असाच यायचा. यंदा संक्रांतीनंतर एकदम 1.7 आला म्हणून डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली. तिथं बाकावर बसलेल्या एका पेशंटनी आमच्या ह्यांना सांगितलं की हिरवं काहीच खायचं नसतं, झालं, घरी आल्यापासून मेथी बंद, चाकवत बंद, आमटीवरची कोथिंबीरसुद्धा बंद. तीन आठवड्यांनी रिपोर्ट 5.4, आणि दात घासताना हिरड्यातनं रक्त. डॉक्टरांनी गोळी मधे थांबवून परत कमी करून दिली, आता ठीक आहेत. पण त्या म्हणतात भाकरीबरोबर पाला नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. रानातच हरभरा आहे आमच्या. नेमकं द्यायचं काय? — एक सून, तासगाव तालुका

उत्तर : आधी एक सांगते, आत्याबाईंचं काही चुकलेलं नाही आणि मेथीचं तर अजिबात नाही. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, फक्त तारखा लावून बघा.

संक्रांतीच्या आधी भोगी. भोगीची लेकुरवाळी भाजी एक दिवसाची, पण त्या महिन्यात आपल्याकडं रानात हरभऱ्याचा पाला कोवळा असतो, मेथीची पेंडी स्वस्त, चाकवत, करडई, शेपू, सगळं एकदमच येतं. सकाळी गरगट्टा, संध्याकाळी पीठ पेरून मेथी. म्हणजे एरवी आठवड्यातनं दोनदा पाला खाणारं माणूस रोज दोन वेळा खायला लागलं. पाल्यात के व्हिटॅमिन भरपूर, आणि आपलं लिव्हर रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं त्याला हे के लागतं. ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन या गोळ्या नेमकं तिथंच काम करतात, के परत परत वापरलं जातं ती वाट अडवून ठेवतात. पाला वाढला की गोळी कमी पडते, म्हणून 1.7.

आता पुढं काय झालं बघा. डॉक्टरांनी गोळी वाढवली ती त्या जास्त पाल्याच्या हिशोबानं, कारण त्यांना तेवढंच दिसत होतं. आणि तुम्ही घरी येऊन पाला शून्य केला! गाडीचा ॲक्सिलरेटर पण दाबला आणि चढ पण संपला. मग 5.4 येणारच. नुसती गोळी वाढवली असती किंवा नुसता पाला कमी करून डॉक्टरांना सांगितलं असतं तर एवढं झालं नसतं, दोन्ही एकदम झालं आणि एकमेकाला माहीत नव्हतं.

त्या बाकावरच्या पेशंटचा राग नका धरू, अर्ध्या सांगली जिल्ह्यात हाच सल्ला फिरतोय. पण पूर्ण बंदी उलट जास्त त्रासाची. अंगात के अगदी कमी राहिलं की मग लग्नात एक दिवस पालक पनीर खाल्लं तरी आकडा हलतो. रोज थोडं थोडं मिळत असेल तर तेवढ्यानं एवढा फरक पडत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 90 ते 120 मायक्रोग्रॅम के लागतंच, गोळी चालू असली तरी लागतं.

म्हणून आत्याबाईंना पालेभाजी द्या. एक लहान वाटी शिजलेली, आठवड्यातनं तीनदा म्हणा किंवा रोज म्हणा, तुमच्या घरात वर्षभर जे निभेल ते ठरवा, आणि मग श्रावण असो की भोगी, त्यात फार खालीवर करू नका. ठरवलेलं डॉक्टरांना सांगा, ते गोळी त्याप्रमाणे बसवतील. जेवणाप्रमाणे गोळी बसवायची असते, गोळीसाठी जेवण मोडायचं नसतं. सुरुवातीला एक-दोनदा रक्त लवकर तपासायला लागेल तेवढं करा.

कशात किती असतं याचा अंदाज असू दे. कच्च्या पालकात 100 ग्रॅमला 450 ते 500 मायक्रोग्रॅम, कोथिंबिरीत 300 च्या पुढं, कोबीत 75 च्या आसपास आणि फ्लॉवरमध्ये जेमतेम 15. माठ, राजगिऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला हे जास्तवाल्यांत धरा. कांदा, बटाटा, टोमॅटो, वांगं, दोडका, भोपळा, भाकरी, भात, डाळी यांची चिंता नको. आमटीवर चिमूटभर कोथिंबीर टाकली तर ती म्हणजे दोन-तीन ग्रॅम, तिच्यावरनं घरात भांडण कशाला? कोथिंबिरीच्या वड्या ताटभर खाल्ल्या तर वेगळं. आणि तुमच्या तासगावची द्राक्षं, बेदाणे खुशाल खा, शुगर असेल तर त्याचं तेवढं बघा.

एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. तेल बदललं का घरात? सोयाबीन तेलात 100 ग्रॅमला 180 मायक्रोग्रॅमच्या आसपास के असतं, शेंगतेलात जवळजवळ नाहीच. घाण्याचं शेंगतेल खाणाऱ्या घरात महागलं म्हणून सोयाबीनचा डबा आला की पालेभाजी तीच राहून आकडा खाली येऊ शकतो. माझ्याकडं असं एक घर आलं होतं, दोन महिने मेथीलाच शिव्या घालत होते बिचारे.

हळदीचं पण बरेच जण विचारतात, सांगलीत राहून हळद सोडायची का म्हणून. फोडणीतली हळद चालते. हळदीच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, कुठले काढे, हे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, रक्तस्राव वाढू शकतो.

आणि उलटं पण लक्षात ठेवा. जेवण कमी झालं की आकडा वर जातो. ताप, जुलाब, तोंडाला चव नाही, नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा आणि पाणी. कोथिंबीर उपवासाला चालते का यावर आमच्या गल्लीत अजून एकमत नाही, पण आत्याबाई नऊ दिवस धरणार असतील तर आधी डॉक्टरांना सांगून मधे एकदा तपासून घ्या. जुलाबाला मेडिकलमधनं मेट्रोनिडॅझोल आणून दिली जाते, तिनं तर आयएनआर चांगलाच चढतो. अंगदुखीच्या डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन या गोळ्या आपल्या मनानं कधीच नकोत, पोटातनं रक्त जाऊ शकतं.

माझे वडील हीच गोळी सात वर्षं घेत होते. आईनं कालनिर्णयवर रोज गोळी दिली की टिक करायची, आयएनआर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा आणि काही वेगळं खाल्लं की एक शब्द, ‘शेपू’, ‘ताप’, ‘लग्न’. डॉक्टर ते कॅलेंडर बघून हसायचे आणि मग त्यावरनंच डोस ठरवायचे. गोळी शक्यतो संध्याकाळी ठरल्या वेळेला द्या, म्हणजे सकाळी रक्त दिलं आणि डोस बदलला तर त्याच दिवशी लागू होतो. एखाद्या दिवशी विसरली तर दुसऱ्या दिवशी डबल द्यायची नाही. आकडा वाढलाय म्हणून घरी पालकाचा रस पाजणं असले प्रयोग पण नकोत.

काळी शौच, लाल लघवी, न थांबणारं नाकातलं रक्त, डोक्याला मार लागला असेल तर बाहेर काही दिसत नसलं तरी, किंवा अचानक तोंड वाकडं, बोबडी वळणं, हातपाय लुळे, यात रिपोर्टची वाट न बघता थेट मिरज गाठा. मेटलच्या झडपेचा टिकटिक आवाज त्यांना स्वतःला रात्री ऐकू येत असेल, तो दबल्यासारखा झाला आणि दम लागायला लागला तरी तसंच.

प्रश्न : माझ्या वडिलांना हार्टचे ठोके अनियमित आहेत म्हणून अपिक्साबॅन ही रक्त पातळ करायची नवीन गोळी दिलीय. त्यांनी पण पालक मोजून खायचा का? आणि शेजारच्या काकूंची झडप बदललीय, त्यांना जुनीच गोळी आणि दर महिन्याला रक्त, त्यांना ही नवीन का देत नाहीत? — विश्रामबाग, सांगली

उत्तर : वडिलांनी पालक मोजायची गरज नाही. अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन या गोळ्या के व्हिटॅमिनच्या वाटेला जातच नाहीत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलचं पण तेच, त्यालाही लोक ‘रक्त पातळ करायची गोळी’च म्हणतात आणि उगाच भाजी सोडतात, म्हणून आधी स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचावं. फक्त वडिलांची एक वेळची गोळी पण चुकवू नका, तिचा असर लवकर उतरतो.

काकूंचं वेगळं आहे. मेटलच्या झडपेला नवीन गोळ्या चालत नाहीत, डॅबिगॅट्रॅन देऊन बघितली होती, पण त्यात गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त झाले आणि तो अभ्यास मधेच थांबवला. त्यामुळे डॉक्टर जुनी गोळी देतायत ते पैसे वाचवायला नाही.

प्रश्न : सकाळी फिरायला जातो तिथं गव्हांकुराचा ताजा रस मिळतो. वॉरफरिन चालू आहे, आठवड्यातनं दोनदा घेतला तर? — सातारा

उत्तर : नको. कुठल्या ग्लासात किती के आलं हे त्या रसवाल्याला पण सांगता येणार नाही, आणि मोजता येत नाही ते सारखं कसं ठेवणार? त्यापेक्षा फिरून आल्यावर भाकरीबरोबर घरची वाटीभर मेथी खा.